उघड्या दाराचा पिंजरा

जुन्या घरात पिंजरा मांजराला नसायचा, दुधाला असायचा. माजघरात जाळीचं कपाट, त्याचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत, म्हणजे मुंग्यांची वाट बंद. दह्यालोण्याची गाडगी तुळईला टांगलेल्या शिंक्यात, म्हणजे बोक्याची वाट बंद. मांजर मात्र मोकळं. वखारीत, कौलांवर, गोठ्यात, शेजारच्या चुलीपाशी, त्याला वाटेल तिथं. कधी शिंक्याचं तुटायचं, बोक्याचं फावायचं, आणि घरातली म्हातारी लाटणं घेऊन त्याच्यामागं परसापर्यंत जायची. तेवढ्यावर भांडण मिटायचं. त्यानं उंदीर मारावेत आणि उरलेला दिवस झोपून काढावा, याहून जास्त अपेक्षा कुणाची नव्हती.

निपाणीत आज हे जमण्यासारखं राहिलेलं नाही. गावाला लागून पुणे-बंगळूर महामार्ग धावतो, त्यावर रात्रीसुद्धा ट्रकांची रांग तुटत नाही. कौलं जाऊन स्लॅब आले, त्यामुळं एका घरावरून दुसऱ्या घरावर जायचा मांजरांचा वरचा रस्ता तुटला आणि ती खाली, कुत्र्यांच्या टप्प्यात आली. किराणा दुकानांत नि गोदामांत उंदरांसाठी औषध ठेवतात. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो, आणि असा उंदीर मांजराला आयता सापडतो. उंदराच्या पोटातलं विष मग मांजराच्या पोटात जातं. शिवाय आता कोल्हापूर-बेळगावच्या दुकानांतून पर्शियन मांजरं विकत आणली जातात. लांब केस, चपटं नाक आणि कुत्र्याला बघून पळायचं असतं याचा पत्ता नाही. असलं मांजर बाहेर सोडणं म्हणजे त्याला घालवण्यासारखंच आहे.

म्हणून पिंजऱ्याची चौकशी सुरू होते. ग्रिलवाल्याकडं जाऊन ‘एक पिंजरा करायचाय’ म्हटलं, की तो हातातलं काम न थांबवता विचारतो, ‘कोंबड्या किती हाईत?’ मांजरासाठी हवाय म्हटल्यावर मात्र थांबतो. ‘मांजराला कशाला ओ पिंजरा? त्ये काय वाघ हाय?’

त्याचा प्रश्न बरोबर आहे. कोंबडीचं खुराडं रात्रीपुरतं असतं. तिला अंधारात नीट दिसत नाही, ती मुकाट बसून राहते. मांजराचं उलटं आहे. संध्याकाळी नि पहाटे ते सगळ्यात जास्त जागं असतं, म्हणजे ज्या वेळी आपण त्याला आत घालायला बघतो, नेमक्या त्याच वेळी. म्हणून या प्रकरणात पुढं जे काही सांगायचं आहे ते एका गोष्टीवर उभं आहे. पिंजरा वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी लागतो: नवं मांजर घरी आल्यावर, ऑपरेशननंतर, बाळंतपणात, घरात लग्न निघालं तर, पूर आला तर. त्या दिवसांत मांजरानं आत शांत राहावं असं वाटत असेल, तर उरलेल्या दिवसांत पिंजऱ्याचं दार उघडं असलं पाहिजे आणि मांजर आपणहून त्यात जाऊन झोपलं पाहिजे. माप, जाळी, जागा, ट्रे या सगळ्याचा निकाल यावरूनच लागतो.

मांजर घरात बंद ठेवता येतं ही कल्पनाच तशी नवी आहे. धान्याच्या कोठारांभोवती उंदीर जमले, उंदरांमागं रानमांजर आलं आणि माणसाळलं, या गोष्टीला नऊ-दहा हजार वर्षं झाली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. पण इतक्या काळात मांजर रात्री बाहेरच जायचं, कारण घरात त्याला शी-शू करायला जागा नव्हती. थंड देशांत लोक राख नाहीतर वाळू पाटीत भरून ठेवत. 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो या तरुणाकडं एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. तिची वाळू थंडीनं गोठली होती आणि राखेनं मांजराच्या पावलांचे ठसे घरभर उमटत होते. लोच्या घरचा धंदा कारखान्यांत सांडलेलं तेल शोषणारी माती विकायचा. त्यानं तीच थोडी माती तिला दिली. ती पुन्हा मागायला आली, आणि त्यातून ‘कॅट लिटर’ नावाचा धंदा उभा राहिला. आज आपल्याकडं दुकानात मिळणारं गुठळ्या धरणारं लिटर बहुधा बेंटोनाइट मातीचं असतं, आणि ती माती आपल्याच कच्छात भरपूर आहे. सांगायचा मुद्दा, मांजराच्या पिंजऱ्यात सगळ्यात महत्त्वाची जागा ट्रेची. फळ्या, झोके, खेळणी नंतर. ट्रे जिथं नीट बसत नाही तो पिंजरा मांजराचा नव्हे, एवढं धरून चाला.

आता मापं. साधारण वाढलेलं मांजर शेपूट सोडून दीड फूट लांब असतं. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा असा साधा हिशेब पशुवैद्य सांगतात, म्हणजे 27 इंच. बाजारात ‘मोठा’ म्हणून मिळणाऱ्या पिंजऱ्याचा तळ बहुतेक 3 फूट बाय 2 फूट असतो. त्यात 27 इंचांचा ट्रे ठेवला की लांबीत 9 इंच उरतात. त्या पट्टीत खाणं, पाणी नि अंथरूण मावायला हवं! दुकानदार मग लहान ट्रे देतो, आणि मांजर त्याच्या बाहेर घाण करतं. बोल मात्र मांजराला बसतात.

अमेरिकेतल्या प्राणी निवाऱ्यांच्या पशुवैद्यांनी 2010 मध्ये मार्गदर्शक नियम छापले. एका मोठ्या मांजराला 11 चौरस फुटांहून जास्त तळ असावा, आणि झोपण्याची जागा, खाण्याची जागा आणि ट्रे या तिन्हींत एकमेकांपासून निदान 2 फूट अंतर असावं, असं त्यात होतं. 11 चौरस फूट म्हणजे जवळपास 4 बाय 3. दहा बाय दहाच्या खोलीत संसार असलेल्याला हे ऐकून हसू येईल. पण पिंजऱ्याचं दार एरवी उघडं राहणार असेल तर रात्रीपुरता 3 बाय 2 चा तळ आणि 5 फूट उंची चालून जाते. ट्रे तळाला, खाणं मधल्या फळीवर, अंथरूण वरच्या फळीवर ठेवलं की 2 फुटांचं अंतर तिरक्यात मिळतं. मांजराला तशीही उंची आवडते. मात्र दहा-पंधरा दिवस बंद ठेवायची वेळ आली तर तेवढ्यानं भागत नाही. तेव्हा 4 बाय 3 चा करावा, नाहीतर दोन लहान पिंजरे शेजारी ठेवून मधल्या जाळीला मांजर जाईल एवढं गोल भोक पाडावं. एका बाजूला ट्रे, दुसऱ्या बाजूला राहणं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठानं निवाऱ्यांतले जुने अरुंद पिंजरे सुधारायला हाच उपाय सुचवला आणि तो पुष्कळ ठिकाणी उचलला गेला. आपल्या ग्रिलवाल्याला हे काम अर्ध्या तासाचं आहे.

फळ्यांची एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. झोपेतून उठलेलं मांजर आधी पुढचे पाय उंच टेकवून अंग ताणतं, आणि तेव्हा त्याला उभ्यात अडीच-तीन फूट मोकळे लागतात. फळी पिंजऱ्याच्या अख्ख्या रुंदीची घातली तर एका पाच फुटी पिंजऱ्याची तीन खुराडी होतात आणि एकातही त्याला धड ताणता येत नाही. फळ्या अर्ध्याच रुंदीच्या हव्यात, एक डावीकडं, पुढची उजवीकडं, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. दोन फळ्यांत सव्वा ते दीड फूट अंतर. फळी एक फूट तरी रुंद, कारण मांजर तिच्यावर नुसतं बसत नाही, कलंडतं.

तयार पिंजरा की करून घेतलेला? मागवलेल्या घडीच्या पिंजऱ्याचा फायदा एकच, तो मिटून कपाटामागं ठेवता येतो आणि गाडीत जातो. पुराच्या वेळी हा फायदा फार मोठा ठरतो, त्याबद्दल पुढं. पण त्याची तार बारीक असते आणि कडी ढिली. हुशार बोका पंजानं ती दोन रात्रींत उघडायला शिकतो. करून घेतलेला जड होतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. ग्रिलवाल्याला सांगताना कोंबडीजाळी नको म्हणून स्पष्ट सांगा. ती षटकोनी बारीक तारेची जाळी पंजानं वाकते आणि तुटलेलं टोक डोळ्याला लागतं. चौकोनी वेल्डमेश घ्या, चौकोन इंचाहून मोठा नको. पिल्लांसाठी अर्ध्या इंचाचा. पिल्लू डोकं जातं का ते बघतं, आणि डोकं गेलं की अंग ओढत नेतं. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाचं डोकं लिंबाहून फार मोठं नसतं.

पिंजरा ताब्यात घेताना आतल्या बाजूनं तळहात फिरवून बघावा. वेल्डिंगचे दाणे राहिलेले असतात, जाळीची कापलेली टोकं राहिलेली असतात. मांजर गाल घासून आपला वास लावतं, आणि ते गाल नेमके याच कोपऱ्यांवर घासणार. तिथल्या तिथं कानस मारून घ्या, घरी गेल्यावर ते होत नाही. रंग कुठला मारणार हेही विचारा. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा नियम आपल्याकडं 2016 मध्ये झाला, पण ग्रिलवाल्याच्या कोपऱ्यातला डबा कधीचा असेल ते सांगता येत नाही. मांजर जाळी चाटतं. पावडर कोटिंग परवडत असेल तर उत्तम, नाहीतर चांगल्या कंपनीचा नवा डबा आपणच नेऊन द्यावा, आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत पिंजरा उन्हात ठेवावा.

तळाला जाळी नको. जाळीवर उभं राहून मांजराचे तळवे दुखतात. प्लायवूडवर जुनं लिनोलियम ठोकलं की धुता येतं आणि पाय घसरत नाही. खाली चाकं लावावीत, एरवी पिंजऱ्यामागचा केर कुणी काढत नाही. आणि ज्या घरात मुंग्यांचा त्रास आहे त्यांनी चाकांऐवजी सरळ पाय घेऊन ते पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. दुधाच्या कपाटाची ती युक्ती मांजराच्या खाण्यालाही तितकीच लागू पडते.

आता जागेकडं वळू, आणि निपाणीत जागेचा विचार तंबाखूशिवाय होत नाही. 1981 च्या तंबाखू आंदोलनानं हे गाव देशभर गाजलं. विडीची तंबाखू, तिच्या वखारी आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका ही त्याची जुनी ओळख. विडी वळणाऱ्या घरात मांडीवर सूप असतं. सुपात एका बाजूला कापलेली टेंभुर्णीची पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखूचा चुरा, कडेला दोऱ्याची रीळ नि कात्री. हात चालू, तोंडानं गप्पा चालू, आणि मांजर अंगाला अंग लावून शेजारी झोपलेलं. दिसायला फार प्रेमाचं चित्र आहे, पण त्यात मांजराला दोन मोठे धोके आहेत.

पहिला चुऱ्याचा. तंबाखूची धूळ त्याच्या केसांवर बसते, आणि मांजर जागेपणीचा पुष्कळ वेळ अंग चाटण्यात घालवतं. म्हणजे आपण जे श्वासातून घेतो ते मांजर खातंही. थोडं निकोटीनसुद्धा मांजराला लाळ गाळायला, ओकायला, थरथरायला लावतं. जास्त गेलं तर जिवावर बेततं. धुराचा अभ्यास तर झालेलाच आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घरात कुणी सिगारेट ओढत असलं तर मांजराला लिम्फोमा हा कर्करोग होण्याचा धोका 2.4 पट दिसला. पाच वर्षं किंवा जास्त अशा घरात राहिलेल्या मांजरांत 3.2 पट. तो अभ्यास धुराचा होता, विडीच्या चुऱ्याचा नव्हे. पण केसांवर बसलेलं चाटून पोटात जातं ही वाट दोन्हीकडं सारखीच.

दुसरा धोका दोऱ्याचा, आणि तो मला जास्त वाटतो, कारण तो खेळाच्या रूपानं येतो. मांजराच्या जिभेवरचे काटे मागं वळलेले असतात. त्यांत अडकलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच सरकत जातो. एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं आणि दुसरं आतड्यात गेलं की आतडं त्या दोऱ्यावर, नाडी ओढल्यावर लेंग्याला चुण्या पडतात तसं गोळा होतं आणि फाटतं. दोरा तोंडातून लोंबताना दिसला तर ओढू नये. शेपटीखालून दिसला तरी ओढू नये. सरळ डॉक्टरकडं न्यावं.

म्हणून ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथं पिंजऱ्याचा खरा उपयोग रात्री नाही, दिवसा आहे. सूप मांडीवर असेपर्यंत मांजर आत. सूप उचललं, जागा ओल्या फडक्यानं पुसली, की दार उघडं. पिंजरा मात्र त्याच खोलीत नको, पलीकडच्या खोलीत हवा. पण इतका पलीकडंही नको की त्याला माणूसच दिसणार नाही. ते उंबऱ्यापाशी बसून बघणारं जनावर आहे. घरच्यांना डोळ्यांसमोर ठेवून झोपायला त्याला आवडतं.

बाकी घरांत जागेचे नियम सोपे आहेत. कोपरा निवडा, म्हणजे दोन बाजूंना भिंत आपोआप मिळते. टीव्ही, पाण्याची मोटर, मिक्सर यांच्यापासून दूर. खिडकी दिसावी, पण दुपारचं ऊन थेट येऊ नये. मांजराला ऊब लागते हे खरं आहे. अंगाला ना थंडी ना उकाडा असं वाटायला त्याला 30 ते 38 अंश सेल्सियस लागतं, म्हणजे आपण घाम पुसत असतो तेव्हा ते मजेत असतं. डिसेंबरातल्या पहाटे वरच्या फळीवर वाकळ हवीच. पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली किंवा तापलेल्या स्लॅबखाली पाच फुटांवरची हवा भट्टीची असते, आणि बंद पिंजऱ्यातल्या मांजराला तिथून हलून गार फरशी गाठता येत नाही. तेव्हा खालच्या बाजूला ओला फडका आणि पंखा. पर्शियन तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ती मजा नव्हे, धोका आहे.

आणि आत एक खोका ठेवा. साधा, पुठ्ठ्याचा, एका बाजूनं दार कापलेला. हे फुकटचं आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. नेदरलँड्समधल्या उत्रेक्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये निवाऱ्यात नव्या आलेल्या 19 मांजरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना लपायला खोका दिला, काहींना नाही. खोकावाली मांजरं तिसऱ्या दिवशीच बरीच निवांत झाली होती. बिनखोक्याच्यांना तिथवर यायला दोन आठवडे लागले. भ्यालेल्या मांजराला आपण कुरवाळत बसतो, आणि त्याला मात्र काही वेळ कुणालाच दिसायचं नसतं. तीन बाजूंनी जुनी साडी टाकून पिंजरा झाकला तरी तेच साधतं. गळ्यातलं घुंगरू नि पट्टा मात्र आत घालायच्या आधी काढा. जाळीत अडकून गळफास बसायला वेळ लागत नाही.

मांजराला आत न्यायचं कसं? न्यायचं नाही. पिंजरा मांडून दार बांधून उघडं ठेवायचं, म्हणजे वाऱ्यानं आपटणार नाही. आत त्याचंच वापरलेलं अंथरूण, त्यावर त्याचा वास. संध्याकाळचं खाणं पहिल्या दिवशी दाराबाहेर, मग दारात, मग आत. ते खाण्यात गुंगलेलं असताना एक दिवस दार लावायचं आणि खाऊन संपायच्या आत उघडायचं. असं रोज थोडं थोडं. आठ-दहा दिवसांत बहुतेक मांजरं दुपारची झोप तिथंच काढायला लागतात. एकच पथ्य कडक आहे. दूध सांडलं, सोफा ओरबाडला म्हणून रागानं उचलून आत टाकायचं नाही. एकदा टाकलंत की मागचे आठ दिवस वाया गेले म्हणून समजा. आणि ओरडत असताना दार उघडायचं नाही, गप्प झाल्यावर उघडायचं, नाहीतर ओरडलं की दार उघडतं एवढाच धडा ते शिकतं, आणि तो मात्र फार लवकर शिकतं.

बाळंतीण मांजरीचं थोडं वेगळं आहे. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडं म्हणतात. सातच का ते तिलाच माहीत, पण जागा गजबजलेली वाटली की ती पिल्लू मानेला धरून निघते हे खरं. तिला सगळ्यात खालचा, झाकलेला, अंधारा कोपरा हवा. फळ्या काढून टाका, पिल्लं वर चढून पडतात. गुठळ्या धरणारं लिटर पिल्लं खातात आणि ते पोटात फुगतं, म्हणून ती मोठी होईपर्यंत चाळलेली वाळू किंवा सॉ मिलमधला जाडा भुसा बरा. आणि पिंजरा आहे म्हणून पिल्लं आतच वाढू देऊ नका. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जी पिल्लं माणसांच्या हातांत खेळतात ती माणसाळतात. ते दिवस निघून गेले की मग फार कष्ट पडतात.

सफाईबद्दल एक गोष्ट ठळक सांगायला हवी. आपल्याकडं स्वच्छ म्हणजे फिनाईलचा वास. मांजराला तो वास परवडत नाही. फिनॉल जातीची रसायनं शरीराबाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात जवळजवळ नाहीच. ते ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, आणि रोज थोडं विष घेतं. काळं फिनाईल तर पिंजऱ्याच्या जवळपासही नको. साबण आणि गरम पाणी रोजच्याला पुरतं. ट्रेमधली घाण रोज काढावी. मांजराच्या विष्ठेतून कधीकधी टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू येतो, पण बाहेर पडल्यावर तो रोग लावण्याजोगा व्हायला निदान एक दिवस घेतो. रोज काढली तर त्याला ती संधी मिळत नाही. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं.

कुणाचा जुना पिंजरा मिळत असेल तर आधी विचारा, त्यातलं मांजर कशानं गेलं. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या रोगाचा विषाणू वापरात नसलेल्या पिंजऱ्यावर वर्षभरसुद्धा तग धरतो, फिनाईलला नि स्पिरिटला दाद देत नाही. तो ब्लीचनं मरतो: 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, लिटरभर पाण्यात 30 मिलिलिटर, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग खळखळून धुऊन उन्हात वाळवायचं. त्यात फिनाईल किंवा संडासचं अ‍ॅसिड मिसळायचं नाही, घुसमटवणारा वायू निघतो. आणि घरात नवं मांजर यायच्या आधी लशीची चौकशी.

दोन मांजरांना एक पिंजरा पुरेल का, असं लोक विचारतात. सख्ख्या पिल्लांना काही दिवस पुरतो. अनोळखी दोघांना एका रात्रीसाठीही नाही. आणि पिंजरे वाढवून मांजरांची संख्या सांभाळता येते हा समज तर सोडूनच द्यावा. 2025 च्या फेब्रुवारीत पुण्यात हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेवर मांजरं असल्याची तक्रार होऊन महापालिकेला नोटीस काढावी लागली. संख्या आवरते ती नसबंदीनं. त्या ऑपरेशनसाठी निपाणीहून बरेचजण 40 किलोमीटरवरच्या कोल्हापूरला नाहीतर 75 किलोमीटरवरच्या बेळगावला जातात, आणि परत आल्यावर दहा ते चौदा दिवस मांजरीला उड्या मारू द्यायच्या नसतात. तेव्हा 4 बाय 3 चा पिंजरा, फळ्या काढून, आपली किंमत वसूल करतो. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली चकती दारातून आत जाते का, हे मात्र ऑपरेशनच्या आधी बघून ठेवा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं कलम 11 म्हणतं की जनावराला हालचाल करायला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. आखूड दोरीनं ताटकळत बांधून ठेवणं हेही त्याच कलमात येतं. त्यामुळं पिंजरा नको म्हणून खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं मांजर ही काही सुटका नव्हे.

आता पूर. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये वेदगंगा नदीचं पाणी निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. अशा वेळी काठावरच्या घरांतून माणसं, म्हशी, गाठोडी निघतात. मांजर शेवटी आठवतं, आणि तोवर ते माळ्यावर कुठंतरी दडून बसलेलं असतं. जपानात 2011 च्या त्सुनामीत असंच झालं, मागं राहिलेल्या जनावरांसाठी लोक धोक्याच्या भागात परतले. त्यानंतर 2013 मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयानं पाळीव जनावरांना बरोबर घेऊनच घर सोडा असं सांगणारी मार्गदर्शिका काढली, आणि त्यात रोजच्या दिवसांत जनावराला पिंजऱ्याची सवय लावून ठेवण्यावर भर आहे. सवय असलेलं मांजर गोंधळ झाला की माळ्यावर न जाता पिंजऱ्यात जातं. तिथून उचलून बुट्टीत घालायचं, बुट्टीवर दुसरी बुट्टी पालथी आणि भोवती सुतळीचे चार वेढे. प्लॅस्टिकचा कॅरियर असेल तर अधिक चांगलं. घडीचा पिंजरा टेम्पोत टाका, शाळेच्या वर्गात तोच उभा करता येतो. बरोबर लिटरची लहान पिशवी, चार दिवसांचं खाणं, लशीचं कार्ड.

आणि ग्रिलवाल्याकडून पिंजरा करून घेतानाच उभ्या पट्ट्यांना दर सहा इंचांवर फळीचे बोल्ट बसतील अशी भोकं पाडून घ्या. अमेरिकेत 2002 मध्ये बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा 90 मांजरांत सांधे झिजल्याचं दिसलं. मांजर लंगडत नाही, ते फक्त वर चढणं सोडतं, आणि आपण म्हणतो म्हातारं झालं, आळशी झालं. वरच्या फळीवरचं अंथरूण पूर्वीसारखं चुरगळलेलं दिसेनासं झालं की फळ्या खाली आणा, दोन फळ्यांतलं अंतर दीड फुटावरून नऊ इंचांवर येऊ द्या, आणि ट्रेची एक बाजू करवतीनं कापून तीन इंचांची करा.